मुलांना घेऊन पुण्यात फिरायला कुठं जाता? अनुभव लिहा

मॉलमधल्या 'प्ले झोन'चं बिल भरताना बागेची आठवण होतेच, म्हणून हा धागा काढतोय. मुलांना चालायला, पळायला, खेळायला आणि जमलं तर एखादा पक्षी-प्राणी दाखवायला तुम्ही पुण्यात नेमकं कुठं जाता? 'टॉप टेन गार्डन्स' छाप यादी नकोय, ती कुठंही मिळते. तुमचं पोर तिथं काय करतं, आजी-आजोबांना टेकायला जागा आहे का, सावली किती, काय टाळावं, असं लिहा. महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात आणि भर दुपारी बंद. बाहेरगावचे पाहुणे हमखास दुपारी बारालाच तयार होतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

सुरुवात मीच करतो. आम्ही तळजाई टेकडीवाले. पाचगाव-पर्वतीच्या वन विभागाच्या जंगलात सकाळी लवकर शिरलं तर मोराचा आवाज नक्की, आणि नशीब असेल तर मोरही. पण आमच्या सात वर्षांच्या कन्येला मोराचं फारसं कौतुक नाही. तिचा जीव अडकतो पायवाटेच्या कडेच्या भुसभुशीत मातीत. तिथं रुपयाएवढे शंकूच्या आकाराचे खड्डे असतात. तळाशी मुंगीसिंह (मुंग्या खाणारी एका किड्याची अळी) दबा धरून बसलेला असतो. मुंगी काठावरून घसरली की तो खालून मातीचे कण उडवतो, म्हणजे ती आणखी घसरते. कन्या गवताच्या काडीनं काठाची माती अलगद पाडते आणि खालून माती उडायची वाट बघते. यात अर्धा तास सहज जातो आणि मला तेवढा वेळ शांतपणे बसायला मिळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बागेपेक्षा टेकडी बरी. बागेत पोरगं जरा हिरवळीवर गेलं की शिट्टी वाजते. इथं पळ, पड, गुडघे फोड, कोणी विचारत नाही.

दोन नातवंडांची आजी, सदाशिव पेठ

टेकडी तुमच्या गुडघ्यांना ठीक आहे हो. आमच्या वयाला सारसबाग.

मी पेशवे पार्कात पांढरा वाघ पाहिलेल्या पिढीतली आहे. प्राणी 1999 च्या सुमारास कात्रजला हलले, पण फुलराणी, ती मुलांची छोटी आगगाडी, राहिली. ती 1956 पासून आहे, म्हणजे माझ्या भावंडांनी तीत बसायचा हट्ट केला, मग माझ्या मुलांनी, आणि आता ही दोघं. फेरी छोटीशीच, पण गाडी सुटताना हात हलवायला फलाटावर कोणीतरी उभं राहिलंच पाहिजे, नाहीतर धाकटा बसतच नाही. ते काम माझं.

मग पलीकडे तळ्यातल्या गणपतीला. नानासाहेब पेशव्यांनी तळं खोदवलं आणि सवाई माधवरावांच्या काळात, 1784 मध्ये, मधल्या बेटावर गणपती बसवला. पुढं तळ्याचा बराचसा भाग आटवून बाग केली, म्हणून आपण आज जिथं सतरंजी टाकतो तिथं एके काळी पाणी होतं. हे थोरल्या नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मासे कुठं गेले?" मला उत्तर आलं नाही. थंडीत गणपतीला स्वेटर घालतात ते बघायला मात्र दोघांना नक्की न्या.

बाहेर भेळ खायची असेल तर ती बाग बघून झाल्यावरच. आधी खाल्ली तर पोरं आत यायलाच तयार नसतात.

रविवारची दुर्बीण

मुलांना पक्षी दाखवायचेत तर टेकडीपेक्षा पाणी बरं. झाडावरचा पक्षी 'तो बघ, त्या फांदीच्या मागच्या फांदीवर' करेपर्यंत उडून जातो आणि मूल वैतागतं. पाण्यावरचा पक्षी जागेवर असतो.

आम्ही पाषाण तलावावर जातो. रामनदीवर बांध घालून इंग्रजांच्या काळात केलेला हा तलाव. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या आत पोचा. हळदी-कुंकू बदक मुलांना दुर्बिणीशिवायही ओळखता येतं: काळी चोच, टोकाला पिवळी, कपाळाशी दोन लाल ठिपके. जांभळी पाणकोंबडी जलपर्णीवरून लांब बोटं टाकत चालते. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सरळ खाली सूर मारतो. हे एकदा दिसलं की मूल पुढच्या रविवारी स्वतःहून उठतं, हा आमच्या घरचा अनुभव.

वाईट बाजूही सांगतो. जलपर्णी काही वर्षी इतकी माजते की पाणी दिसत नाही, आणि पूर्वीच्या मानानं हिवाळी पाहुणे खूप कमी झालेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा पाषाण बघितलेल्या माणसाला सोबत नेऊ नका, तो सगळी सकाळ उसासे टाकतो. आमचे काका टाकतात.

सिंहगड रोडवाली

धागाकर्त्याच्या शिट्टीबद्दल दुसरी बाजू मांडते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. त्याला गोंगाट, अचानक अंगावर येणारा बॉल, ओरडत पळणारी पोरं यांचा त्रास होतो, इतका की आम्ही कित्येक बागांतून पाच मिनिटांत परत आलोय. आमची जागा म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान. दहा एकरांची ही बाग ओकायामातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली, 2006 मध्ये खुली झाली. खेळ नाही, डबे उघडायचे नाहीत, हिरवळीवर लोळायचं नाही. लोक या नियमांना नावं ठेवतात, पण त्यामुळंच तिथं पुढच्या क्षणी काय होणार हे माझ्या मुलाला माहीत असतं.

तो रोज त्याच छोट्या पुलावर, त्याच बाजूला उभा राहतो. खाली कोई मासे असतात. नारिंगी-पांढरा एक मोठा मासा पुलाच्या सावलीतून बाहेर आला की हा कठड्यावर बोटानं टकटक करतो, आत गेला की थांबतो. दुसरं काही नाही. पाण्याचा आवाज एकसारखा असतो आणि त्याला तो आवडतो. तिथला एक शिपाई आता आम्हाला ओळखतो, शनिवार-रविवारी फाटकातच सांगतो, "ताई, आज गर्दी आहे, थोडं उशिरा या."

तेव्हा शिट्टीला सरसकट नावं ठेवू नका. काही मुलांना शिट्टीवाली बागच लागते.

धागाकर्ता

शिपायाचा किस्सा झकास. कुठल्या वारी गर्दी कमी असते?

सिंहगड रोडवाली

मधल्या कुठल्याही वारी सकाळी. शाळेच्या सहली येतात त्या हिवाळ्यात, तेव्हा फाटकाबाहेर बस दिसली की आम्ही सरळ घरी.

हडपसरकर

पूर्वेकडच्यांचं कोणी लिहीत नाही, म्हणून मी. मे महिन्यात सावली हवी तर एम्प्रेस गार्डन, रेसकोर्सजवळ. 39 एकर आहे आणि झाडं खरोखर जुनी. मांडीएवढ्या जाडीचे वेल झाडांवरून खाली आलेत, पोरं त्यांना लोंबकळायला बघतात. लोंबकळू देऊ नका, वेल जुना असला तरी जिवंत आहे. तिकीट आहे, पण दुपारभर सतरंजी टाकून बसता येतं. 26 जानेवारीच्या आसपास पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा गाडी लावायला जागा मिळणार नाही. फुलं बघायची असतील तर सकाळीच जा, मुलांना पळवायचं असेल तर ते चार दिवस सोडून जा.

आता दुसरं ठिकाण. ही बाग नाही, पण मला या धाग्यात तेच लिहायचं होतं: कवडी पाट. सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळायचं, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. हिवाळ्यात चक्रवाकाच्या जोड्या, चित्रबलाक, नदीसुरय. शेकाट्या तर इतक्या जवळ येतो की लेकीनं विचारलं, "याचे पाय कोणी रंगवलेत?" गडद गुलाबी, आणि शरीराच्या मानानं भलतेच लांब.

पण नाक धरून जावं लागतं, हे आधी सांगतो. नदी म्हणजे साऱ्या शहराचं सांडपाणी. पाणी ओसरल्यावर काठच्या झुडपांना पिशव्या लटकलेल्या असतात, बंधाऱ्याखाली फेस. लेकीचा दुसरा प्रश्न हाच होता की पक्ष्यांना वास येत नाही का. या पाण्यात किडे-अळ्या भरपूर, म्हणून पक्षी येतात, असं मी सांगितलं. ते खरंही आहे, पण सांगताना बरं वाटलं नाही. तरी नेत राहतो. आपण फ्लश केलेलं कुठं जातं हे तिला शाळेच्या पुस्तकापेक्षा इथं जास्त कळलं. पाण्यात पाय घालू देऊ नका आणि घरी आल्यावर बूट धुवा.

बाबागाडीवाला बाबा

एक तक्रार, बागेचं नाव घेत नाही. आमच्या घराजवळच्या बागेला फिरणारं लोखंडी फाटक आहे, दुचाकी आत येऊ नये म्हणून. ठीक आहे, पण त्यातून बाबागाडीही जात नाही आणि माझ्या आईची चाकाची खुर्चीही. शेजारच्या मोठ्या फाटकाला कुलूप, किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. आईला बाहेर खुर्चीत बसवून आम्ही आळीपाळीनं आत जायचो. आता तिथं जात नाही. जिथं चाकं सहज जातात अशी ठिकाणं कोणाला माहीत असतील तर लिहा, मला टेकडी उपयोगाची नाही.

वनाजची मावशी

मेट्रोनं छत्रपती संभाजी उद्यान स्थानकाला उतरा, जंगली महाराज रस्त्यावरची संभाजी बाग तिथंच. मेट्रोला लिफ्ट आहे, खुर्ची गाडीत कोंबायची कटकट नाही. मुलांना तर बागेपेक्षा मेट्रोच जास्त आवडते, नदीवरून गाडी जाते तेव्हा सगळी एका खिडकीशी. दिवाळीत बागेत किल्ल्यांची स्पर्धा असते, तेव्हा नक्की या. आमच्या भाच्याचा सगळा रस चिखलाच्या बुरुजांवर मावळे कसे उभे केलेत त्यात.

कात्रजकर

प्राणिसंग्रहालय कोणी लिहिलंच नाही? राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, 130 एकर, बुधवारी बंद. बुधवारी पाहुण्यांना घेऊन फाटकापर्यंत आलेली कुटुंबं मला आठवड्याला दिसतात.

चालायला खूप आहे, लहान मूल अर्ध्या वाटेत 'उचल' म्हणणार हे धरून चाला. बॅटरीवरची गाडी आहे, तिची रांगही आहे. उन्हात वाघ-सिंह झोपलेलेच दिसतात, तेव्हा फाटक उघडताच आत शिरायचं आणि आधी मोठे प्राणी उरकायचे. सापांचा भाग शेवटी ठेवा. आमच्याकडे उलटं झालं, मुलगा धामणीच्या काचेसमोरून हलेना आणि वाघ राहिलाच.

वेताळवाला

वेताळ टेकडीवर कांचन गल्लीतून चढतो, रोज. मुलांसोबत यायचं असेल तर पहिला पाऊस पडून गेल्यावर या. ओल्या मातीवर मृगाचे किडे निघतात, लालभडक, मखमली. मुलाच्या तळव्यावर ठेवलं की आधी पाय पोटाशी घेऊन गप्प पडतो, मग हळूच चालायला लागतो, आणि तोवर मूल श्वास रोखून उभं. बघून झालं की जिथून उचलला तिथंच सोडायचा. खिशातून डबी काढणाऱ्या पालकांना मी टोकतो. फेब्रुवारीत काटेसावर फुलते तेव्हाही या, एका झाडावर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची नुसती भांडणं.

खाणीच्या काठाशी मुलांचा हात सोडू नका. कडा सरळ आहे.

आणि कृपा करून मोरांना शेव-फरसाण टाकू नका. परवा एक गृहस्थ चक्क शिळी पोळी घेऊन आले होते. ही टेकडी रस्ते-बोगद्यांपासून वाचवायला इतकी माणसं इतकी वर्षं धडपडतायत, तिथं आपण प्लास्टिकची पिशवी आणि फरसाण सोडून जायचं?

दोन नातवंडांची आजी, सदाशिव पेठ

फरसाणाचं पटलं. पण मूठभर ज्वारी टाकली तर काय बिघडलं? आमच्याकडे अंगणात चिमण्यांना टाकायचेच की.

वेताळवाला

आजी, अंगणातली गोष्ट वेगळी. टेकडीवर रोज दाणे पडायला लागले की पारवे येतात, उंदीर-घुशी वाढतात, कुत्री जमतात. मग कुत्री जमिनीवरची घरटी उचकटतात. मोराचं घरटंही जमिनीवरच असतं.

दोन नातवंडांची आजी, सदाशिव पेठ

बरं. ज्वारी आमच्या गच्चीत टाकीन.

चिंचवडकर

पुणे नदीच्या अलीकडेच संपतं की काय? निगडीची दुर्गादेवी टेकडी लिहा. चढ सोपा, झाडी चांगली, आणि सदाशिव पेठेतल्या आजींनाही सावकाश जमेल. येताना मात्र भोसरीच्या बाजूनं येऊ नका, संध्याकाळी सहानंतर ट्रॅफिकमध्ये पोरं गाडीतच झोपतात.

बाबागाडीवाला बाबा

चढ सोपा म्हणजे पायऱ्या की डांबरी रस्ता?

चिंचवडकर

रविवारी जाणारच आहे. नीट बघून, फाटकाची रुंदी मोजून लिहितो.