एडवर्ड माँटेग्यू नेमका कोणता? (सँडविचचा पहिला अर्ल)

बखरवाचक
मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं, त्या प्रकरणात राजाची वधू, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिला लिस्बनहून घेऊन येणारा अर्ल ऑफ सँडविच भेटतो. त्याची वंशावळ जुळत नाही. इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या मार्स्टन मूरच्या लढाईत (१६४४) एडवर्ड माँटेग्यू एकीकडे सेनापती आहे, दुसरीकडे कर्नल. मृत्यूच्या तारखाही दोन सापडतात: २८ मे आणि ७ जून १६७२. शिवाय रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स त्याचा 'कझिन' म्हणजे नक्की कोण? आणि खायचं सँडविच याच्याच नावाचं का?

जुनी_पानं
माणसं दोन आहेत. सेनापती तो मँचेस्टरचा दुसरा अर्ल. कर्नल तो तुमचा, जन्म २७ जुलै १६२५, म्हणजे लढाईच्या दिवशी एकोणीसही पूर्ण नव्हते. दोघांचे वडील सख्खे भाऊ. तिसऱ्या भावाचा मुलगा बाउटनचा दुसरा बॅरन, त्याचंही नाव एडवर्डच! तीन सख्खे चुलतभाऊ, नाव एक. त्यामुळे नावावर जाऊ नका, बापाचं नाव बघा: सिडनीचा मुलगा तो सँडविच, हेन्रीचा तो मँचेस्टर. एप्रिल १६४५ नंतर मँचेस्टर सैन्यात नाही, तेव्हा नेझबीच्या (जून १६४५) रणांगणावरचा माँटेग्यू तुमचाच.

अर्लपद जुलै १६६० मध्ये मिळालं, त्याआधीच्या कागदांत 'सँडविच' शोधून काही हाती लागणार नाही. उलट १६६० नंतर नुसता 'एडवर्ड माँटेग्यू' दिसला तर जपून. कॅथरीनचा अश्वशाळाप्रमुख होता तो बाउटनवाल्याचा मुलगा, तोही एडवर्डच. तो १६६५ मध्ये बर्गनला मारला गेला.

पंचांगी
तारखा दोन्ही बरोबर. इंग्लंड तेव्हा जुन्या कालगणनेवर होतं, युरोपातले बरेच देश दहा दिवस पुढे. इंग्रज आणि डच आरमारांची सोलबेची लढाई इंग्रजी हिशेबाने २८ मेला, डच हिशेबाने ७ जूनला. 'रॉयल जेम्स' जहाजाला डचांनी अग्निनौका भिडवली, त्यात हा गेला आणि जावई फिलिप कार्टरेटही. प्रेत इंग्रजी १० जूनला हार्विचजवळ समुद्रात मिळालं, ओळख पटली ती गार्टर या मानाच्या सरदारी किताबाच्या पदकावरून. ३ जुलैला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन. एक तारीख डच कागदातून आणि दुसरी इंग्रजीतून उचलली, तर प्रेत तीनच दिवसांत सापडल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात तेरा दिवस गेले.

आणखी एक खड्डा म्हणजे इंग्रजी वर्ष २५ मार्चला बदलायचं. मुंबईचा ताबा पोर्तुगीज तारखेने १८ फेब्रुवारी १६६५, इंग्रजी तारखेने ८ फेब्रुवारी १६६४. जानेवारी ते २४ मार्चमधली कुठलीही इंग्रजी तारीख आली की साल तपासायचंच.

जुनी_पानं
'कझिन'चं उत्तर मराठीत सोपं. माँटेग्यूची आई पॉलिना ही पीप्सच्या आजोबांची बहीण. म्हणजे माँटेग्यू हा पीप्सच्या वडिलांचा आतेभाऊ, पीप्सचा नात्याने काका. वयात अंतर मात्र आठच वर्षांचं. पीप्सच्या रोजनिशीत (१६६०–६९) 'माय लॉर्ड' आलं की बहुतेक वेळा हाच समजावा, आणि 'माय लेडी' म्हणजे बायको जेमायमा क्रू. त्यांना दहा मुलं. थोरला एडवर्ड (पुन्हा!) दुसरा अर्ल झाला. दुसऱ्या एका मुलाने, सिडनीने (आजोबांचंच नाव), सासरच्या इस्टेटीपायी वॉर्टली आडनाव जोडलं. इंग्लंडमध्ये देवी टोचण्याचा पुरस्कार करणारी लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू ही त्याची सून.

सँडविच याचं नव्हे. ते नाव चौथ्या अर्लवरून पडलं, जॉन (१७१८–९२), याचा खापरपणतू. जॉनचे वडील आजोबांच्या आधी वारल्यामुळे अर्लपद आजोबांकडून थेट नातवाकडे आलं. अर्लांचे आकडे मोजून पिढ्या लावल्या तर इथे एक पिढी गळते.

पंचांगी
मुंबईसाठी यालाच धरून बसू नका. हा आला लिस्बनपर्यंत, आणि मे १६६२ मध्ये कॅथरीनला पोर्ट्समथला पोहोचवलं. त्याच वर्षी मुंबईला आरमार घेऊन आला तो वेगळा सरदार, जेम्स ली, मार्लबरोचा तिसरा अर्ल. ताबा न मिळताच तो परतला आणि जून १६६५ मध्ये डचांविरुद्धच्या लोस्टॉफ्टच्या लढाईत पडला. त्या लढाईत सँडविचही होता, म्हणून दोघांची गल्लत होते.