आईच्या स्क्रीनिंगचा कोड बाळाच्या क्लेमवर?

प्रश्न: अमेरिकेतल्या पेडियाट्रिक (मुलांच्या) क्लिनिकच्या चार्टचं कोडिंग करते, म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी बिलिंग कोड लावते, पुण्यातून. दोन महिन्यांच्या बाळाची वेल-चाइल्ड व्हिजिट (नियमित तपासणी). आईने एडिनबरा फॉर्म (बाळंतपणानंतरच्या नैराश्याची प्रश्नावली) भरलाय, डॉक्टरांनी नोटमध्ये नुसतं ‘आई ठीक’ लिहिलंय. कोड ९६१६१ की ९६१२७?

मीनलताई: ९६१६१, बाळाच्याच क्लेमवर. ९६१२७ पेशंटच्या, म्हणजे इथे बाळाच्या, स्वतःच्या तपासणीसाठी. पण ‘आई ठीक’वर बिल लावू नकोस गं, फॉर्मचं नाव आणि स्कोअर नोटमध्ये हवाच. डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) टाक. आणि दहावा प्रश्न बघ, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, तो. एकूण स्कोअर कमी असला तरी तिथे शून्य नसेल तर आधी ते कळव. क्लेम नंतर गेला तरी चालेल.

अमोल: पेयरचे (बिल भरणाऱ्या विमा योजनेचे) नियमही बघ, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी योजना) राज्याराज्यात वेगळं.

प्रश्नकर्ती: ताई, एकूण ७, पण दहाव्याला १ आहे. टीम लीडला आत्ताच फोन लावते.