मदत हवी आहे: प्रोबायोटिकमधला अँटिबायोटिक-प्रतिकार गुणसूत्रावरचा की प्लास्मिडवरचा (गुणसूत्राबाहेरचा, दुसऱ्या जिवाणूत जाऊ शकणारा छोटा डीएनए)?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या बॅसिलस क्लॉसाय या प्रोबायोटिक जिवाणूच्या 5 मिलीच्या कुप्या तपासतेय. म्युलर-हिंटन अगारवर एरिथ्रोमायसिनच्या डिस्कभोवती झोनच (वाढ थांबलेलं वर्तुळ) येत नाही, वाढ पार डिस्कच्या कडेला चिकटलेली. तीन बॅच, तिन्हीत तेच. कंट्रोल म्हणून लावलेल्या स्टॅफिलोकोकसला छान झोन येतो, म्हणजे डिस्क खराब नाहीत.

अँटिबायोटिक चालू असतानाच हे औषध देतात, तेव्हा प्रतिकार असणारच, हे कळतं. या जातीत ईआरएम 34 हे एरिथ्रोमायसिन-प्रतिकाराचं जनुक गुणसूत्रावर सापडलंय, हेही वाचलंय. पण लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या दुसऱ्या प्रोबायोटिकच्या एटीसीसी 55730 या वाणामध्ये टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिनच्या प्रतिकाराची जनुकं प्लास्मिडवर निघाली. ती प्लास्मिडं काढून टाकून डीएसएम 17938 हा वाण बनवला. (बाहेरचं जनुक न घालता. आमचे सर मात्र त्याला 'जीएम' (जनुकीय बदल केलेला) म्हणतात, तो वाद वेगळा.)

म्हणून मीही एकेक वसाहत वेगळी करून अल्कलाइन लायसिसने (अल्कलीने पेशी फोडून) प्लास्मिड मिळतं का ते पाहिलं. जेलवर पट्टी नाही. पेशीभित्तिका तोडणारं लायसोझाइम 30 मिनिटं दिलं होतं, तरी पेशी फुटल्याच नसतील अशी शंका आहे, कारण ट्यूबमधलं द्रावण शेवटपर्यंत गढूळच होतं.

पीसीआर आहे, सिक्वेन्सिंगला पैसे नाहीत, हातात सहा आठवडे.

बॅसिलससाठी लायसोझाइम किती आणि किती वेळ द्यावं? आणि प्लास्मिड असलेला कुठला बॅसिलस कंट्रोल म्हणून चालवला, तर रिकाम्या जेलवर विश्वास ठेवता येईल?