१३ कलमांत न सापडणारा उपास

'मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) श्रद्धा समजून घ्यायची तर त्यांची श्रद्धेची १३ कलमं वाचली की झालं' असं कुणीतरी म्हटलं, ते मला अर्धंच पटलं. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने १८४२ साली शिकागोच्या एका संपादकाला लिहिलेल्या पत्रातली ही कलमं सुरुवातीला वाचायला उत्तमच. देव, येशू आणि पवित्र आत्मा यांच्यावरचा विश्वास, बाप्तिस्मा, बायबलसोबत 'मॉर्मनचा ग्रंथ' हा त्यांचा वेगळा धर्मग्रंथही देवाचा शब्द, हे सगळं त्यात आहे. पण चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य, हे त्यात नाही. मृत्यूनंतरही कुटुंब एकत्र राहतं, ही त्यांची अगदी काळजाजवळची श्रद्धा, तीही नाही.

आणि उपास नाही. मॉर्मन लोकांचं मुख्य केंद्र असलेल्या अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत शेजारच्या मॉर्मन आजींबरोबर मी एकदा महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रार्थनेला गेले होते. त्या दिवशी हे लोक निर्जळी उपास करतात, दोन जेवणं सोडतात आणि त्या जेवणांचे पैसे, जमलं तर जास्तच, गरजूंसाठी देतात. वक्ता ठरलेला नसतो. ज्याला वाटेल तो पुढे जाऊन आपली श्रद्धा सांगतो, लहान मुलंसुद्धा. येशूच्या स्मरणार्थ पाव आणि पेय घेण्याच्या विधीसाठी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी हाताने पाव मोडला, मग वाइनऐवजी इवल्याशा पेल्यांतून साधं पाणी फिरलं. उपास असूनही आजींनी ते घेतलं. आईचा हरतालिकेचा कडक उपास पाहत वाढलेल्या मला राहवेना, परतताना विचारलंच. म्हणाल्या, "अगं, ते जेवण थोडंच आहे?"