टी-९० गियरबॉक्स: दुसरा गियर सुटतो, चांगले पार्ट कुठून घ्यावेत?

रानजीप_परभणी

नमस्कार मंडळी. गाडी महिंद्रा सीजे३बी जीप, पेट्रोल. तीन गियरचा टी-९० बॉक्स आणि मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी). बॉडी आणि इंजिनाचं काम उरकलंय, आता सगळं गियरबॉक्सवर अडलंय.

उतारावर रेसवरचा पाय काढला की दुसरा गियर सुटून न्यूट्रलला येतो. तिसऱ्यातून दुसरा टाकताना करकरतो. शिवाय खालून सतत घूं आवाज येतो. गियर कोणताही असो, गाडीच्या वेगाबरोबर तो वाढतो.

एका दुकानात ‘फुल किट’ दाखवलं. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पितळी सिंक्रो रिंगांच्या (गियर टाकताना वेग जुळवणाऱ्या) कडांना बर (धातूचे खरखरीत उंचवटे), निडल (बेअरिंगच्या सुया) पिशवीत सुटे. दुसरा दुकानदार चार गियरच्या केएमटी-९० चं सामान दाखवून ‘तेच आहे’ म्हणतो. नेमकं काय बदलावं, चांगला आफ्टरमार्केट माल हातात घेऊन कसा ओळखावा, आणि इकडे बसून तो मागवावा कुठून? पैसे लागले तरी चालतील, बॉक्स दुसऱ्यांदा उतरवायला नको.

छर्रा_स्प्रिंग

दादा, केएमटी-९० हा वेगळाच बॉक्स आहे. नावातल्या ९० ला भुलू नका, ते सामान घेऊच नका.

आता किटचं. पार्ट घ्यायच्या आधी ट्रान्सफर केसचं मागचं झाकण खोला, मेनशाफ्टच्या (बॉक्सच्या मुख्य दांड्याच्या) रेषेत आहे ते. त्यासाठी बॉक्स उतरवावा लागत नाही. आत मेनशाफ्टच्या टोकाला कॉटर पिन घातलेला कॅसल नट दिसेल. बॉक्सचं मागचं बेअरिंग आणि ट्रान्सफर केसचा ड्राइव्ह गियर हाच नट आवळून धरतो. तो ढिला झाला की अख्खा मेनशाफ्ट पुढे-मागे सरकतो. दुसरा गियर तिरक्या दातांचा आहे, त्यामुळे रेस दिल्यावर तो एका बाजूला रेटला जातो आणि पाय काढला की उलट बाजूला. शाफ्टला सरकायला जागा मिळाली की स्लीव्ह (गियर शाफ्टला जोडणारी सरकती रिंग) दातांवरून उतरते. तुमचा गियर उतारावरच सुटतो, म्हणून पहिला संशय या नटावर. बऱ्याच गाड्यांत सगळे गियर नवे टाकतात, हा नट तसाच राहतो आणि तक्रारही तशीच राहते.

त्यानंतर बेलहाउसिंगचे (क्लचच्या घराचे) बोल्ट बघा, आणि वरचं कव्हर काढून रेलच्या (गियर सरकवणाऱ्या दांड्यांच्या) खाचेत बसणारे छर्रे आणि त्यांच्या स्प्रिंगा. स्प्रिंग मेलेली असेल तर रेल बोटानंही सरकतो. दोन रेलच्या मधली इंटरलॉकची पिन मात्र हरवू देऊ नका. ती नसली की दोन गियर एकदम लागतात आणि बॉक्स जाम होतो.

घूं आवाज बहुतेक ट्रान्सफर केसमधल्या इंटरमिजिएट गियरचा. टू-व्हीलमध्येही ताकद त्याच्यातूनच जाते, त्यामुळे गाडी चालू लागली की तो फिरतोच. ओढ्याचं पाणी आत शिरलं की आधी त्याचे निडल जातात, मग शाफ्टवर खड्डे पडतात.

रानजीप_परभणी

झाकण खोललं. नट हातानं फिरला नाही, पण पान्यानं पाव फेरा आवळला गेला. मेनशाफ्ट वर-खालीही हलतो. म्हणजे बॉक्स उतरवावाच लागणार. मग मोजमापाचं सांगा.

वाळूज_मापारी

ड्राइव्ह गियरच्या आतल्या स्प्लाइन (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) बघा. ढिल्या नटावर गाडी पळाली असेल तर त्या झिजलेल्या असतात, मग नवा नटही टिकत नाही.

ऑर्डर देण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं, इंटरमिजिएट शाफ्टचा व्यास. वेगवेगळ्या वर्षांच्या केसमध्ये १ १/८ इंच (२८.५८ मिमी) आणि १ १/४ इंच (३१.७५ मिमी) असे दोन्ही सापडतात. दुसरं, ड्राइव्ह गियरचे दात: २६ किंवा २९. ‘जीपचा शाफ्ट द्या’ म्हणालात तर समोरचा हाताला येईल तो देणार. जुन्या गाडीत कुणी कधी काय बसवलं असेल त्याचा भरवसा नाही, म्हणून मॉडेलच्या वर्षावर जाऊ नका.

पितळी रिंग अशी तपासा. रिंग गियरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) कोरडी दाबून थोडी फिरवा, ती पकडली पाहिजे. दाबलेल्या अवस्थेत रिंगचे दात आणि गियरचे दात यांच्यात चारी बाजूंनी सारखी फट हवी. फिलर गेज एकीकडे सहज जातो आणि समोर अडतो, तर रिंग वाकडी आहे. रिंगच्या आतल्या बारीक आट्यांची टोकं धारदार हवीत, कारण कोनवरचं ऑइल तीच कापतात. टोकं सपाट झाली की रिंग ऑइलवर घसरते आणि गियर करकरतो. बर असलेली रिंग दुकानातच ठेवा.

गियर घेताना दाताच्या कडेवर, कामाच्या पृष्ठभागावर नव्हे, नवी कानस फिरवा. ती घसरली पाहिजे. लोखंडाचा कीस निघाला तर माल मऊ आहे. असे गियर २०एमएनसीआर५ किंवा ईएन३५३ सारख्या स्टीलचे, केस हार्डन केलेले असतात आणि वरची कडकाई ५८ ते ६२ एचआरसी (रॉकवेल मापात) हवी. वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवाल्यांकडे रॉकवेल मशीन असतं, विनंती केली तर टेस्ट होते. कडकाई बरोबर असूनही आवाज करणारे गियर असतात, म्हणून दातांची फिनिशही नखानं चाचपा.

क्लस्टर (एकाच तुकड्यातला गियरांचा संच) आणि त्याच्याशी जुळणारा दुसरा गियर दोन्ही एकदम बदला. नवा दात झिजलेल्या दातावर चालवला की आवाजही करतो आणि स्वतःही लवकर जातो. क्लस्टरच्या आतल्या बोअरला (भोकाला) नख अडत असेल तर तो क्लस्टर बाद. तिथे नवे निडल घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

निडल एकाच लॉटचे घ्या आणि मायक्रोमीटरनं पाच-सहा नग मोजा. ५ मायक्रॉनपेक्षा जास्त फरक दिसला तर सेट परत करा, कारण सगळा भार जाड निडलांवरच येतो. उतरवताना जुने निडल मोजून ठेवा.

पार्सल_नांदेड

बेअरिंग आणि ऑइल सील ‘जीपचं’ म्हणून घेऊच नका. जुन्या बेअरिंगवरचा पूर्ण नंबर उतरवा आणि थेट बेअरिंगच्या अधिकृत डीलरकडे जा, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, कुठेही. नंबरापुढची अक्षरंही सांगा. ‘एन’ म्हणजे बाहेरच्या रिंगला स्नॅप रिंगची खाच. ती नसेल तर बेअरिंग केसमध्ये जागेवर थांबत नाही. एसकेएफ कंपनीचं घेत असाल तर खोका आणि नंबरचे फोटो त्यांच्या ऑथेंटिकेट अ‍ॅपवर पाठवून खरं-खोटं करून घेता येतं.

गियर, शाफ्ट, फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) यांसाठी पुण्याची नाना पेठ आणि मुंबईचं ऑपेरा हाउस आधी विचारा. तिथे नाही जमलं तर दिल्लीचं काश्मिरी गेट, आणि जीप बांधणीसाठी हरियाणातलं मंडी डबवाली. जुना पण चांगला क्लस्टर मिळत असेल तर त्या बिनओळखीच्या नव्या किटपेक्षा मी तोच घेईन, फक्त बोअर आणि दातांचे जवळून काढलेले फोटो आधी मागवा. फोन करताना व्हर्नियर लावलेले फोटो आणि दातांची संख्या पाठवा. जीएसटी बिल घ्या आणि ‘न बसवलेला नग परत घेणार’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. ट्रॅव्हल्सच्या पार्सलमध्ये गियर एकमेकांवर आपटून दातांचे टवके उडतात, प्रत्येक नग वेगळा गुंडाळायला सांगा.

फोर्कवर पितळ भरून देणारे भेटतील. उष्णतेनं फोर्क वाकतो आणि स्लीव्ह पूर्ण सरकत नाही, गियर परत सुटतो. नवाच घ्या.

छर्रा_स्प्रिंग

उतरवताना एक जपा. ट्रान्सफर केस मागे ओढताना मेनशाफ्टही मागे येतो आणि सिंक्रोचे तुकडे केसमध्ये पडतात. आधी वरचं कव्हर काढून दुसऱ्या गियरच्या मागे शाफ्टला तार गुंडाळा आणि ती वरच्या बोल्टला बांधा. काउंटर शाफ्ट (ज्यावर क्लस्टर फिरतो तो) मागच्या बाजूनं निघतो. त्याच जाडीचा, क्लस्टरएवढ्या लांबीचा डमी पाईप मागोमाग सरकवत न्या, निडल जागेवर राहतात.

बसवताना क्लस्टरचा एंड प्ले (पुढे-मागे सरकायची मोकळीक) १२ ते १८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.३० ते ०.४६ मिमी ठेवा. मागच्या स्टील वॉशरची जाडी बदलून तो जुळवतात. ट्रान्सफर केसच्या आउटपुट शाफ्टला ४ ते ८ थाऊ, तिथे शिम (पातळ पत्र्या) घालून. शाफ्ट हातानं मोकळा फिरतो म्हणून शिम जास्त ठेवू नका. प्ले वाढला की मागचं सील गळतं, ते ऑइल हँडब्रेकच्या ड्रममध्ये जातं आणि उतारावर ब्रेक धरत नाही.

ऑइल जीएल-४ दर्जाचं, जाडी ८०डब्ल्यू-९०. जीएल-५ मधल्या गंधक-फॉस्फरसच्या जादा मात्रेनं पितळी रिंगा खराब होतात. दोन्ही केस फिलर होलच्या काठापर्यंत भरा. महिनाभरानं पातळी पुन्हा बघा. एकात वाढली आणि दुसऱ्यात घटली असेल तर मधल्या सीलमधून ऑइल पलीकडे जातंय.