चौलच्या कौलारू घरावर सोलर: बसवावं की नाही?

दादरकर: अलिबागजवळ चौलला पणजोबांनी बांधलेलं घर. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी. आम्ही भावंडं मुंबईत, त्यामुळे शनिवार-रविवार पाहुण्यांना देतो. दोन एसी लावल्यापासून बिल झेपत नाही. भाऊ म्हणतो, ३ किलोवॅट बसवून टाकू, केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळतं. मला छपराची शोभा घालवायची नाही. पाहुणे ते बघायलाच येतात ना?

वाडीवाला: पाहुणे समुद्राला येतात. कौलांचे फोटो काढतात आणि एसी बंद पडला की रात्री बारा वाजता फोन करतात. खुशाल बसवा.

कौलारू: शोभेचं राहू द्या. दर वर्षी पावसाआधी कौलं चाळायला माणूस वर चढतो, फुटकं काढून नवं सरकवतो. पॅनेलखालचं कौल फुटलं तर तो हात कुठून घालणार? ३ किलोवॅट म्हणजे साधारण ३०० चौरस फूट जागा, एकेक पॅनेल पंचवीस किलोच्या घरात. जुने वासे, त्यात वाळवी. आणि जून २०२० चं निसर्ग वादळ विसरलात? आमच्या आळीत कौलं पत्त्यांसारखी उडाली. पॅनेल उडालं असतं तर वासे घेऊन गेलं असतं.

वाडीवाला: म्हणून काय जन्मभर बिल भरायचं? मांडणी नीट बोल्ट केली तर वादळात टिकते.

कौलारू: बोल्ट कशात मारणार, शंभर वर्षांच्या सागवानात? स्वतःचं घर असतं तर बोलला नसता.

सौरमिस्त्री: भांडू नका. हा माझा धंदाच आहे, आणि कौलांवर मी बसवत नाही. विहिरीजवळ मोकळी जागा असेल तर तिथे लोखंडी मांडणी करा, गंजरोधक झिंक चढवलेली. खाऱ्या हवेत साधं लोखंड खातं. माडापासून लांब, नारळ पडला तर काच गेली. आणि एक कोणी सांगत नाही: साधं ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेलं सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतं, खांबावर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. बॅटरी नसेल तर पाहुणे भर उन्हातही घामाघूम. हां, सोमवार ते शुक्रवार घर रिकामं असतं ते मात्र फायद्याचं, नेट मीटर, म्हणजे ग्रिडला दिलेल्या आणि घेतलेल्या विजेचा हिशेब ठेवणारा मीटर, त्यावर जमलेली युनिटं शनिवारी वापरता येतात.

ठाण्याचीमावशी: अनुदान घरगुती जोडणीलाच मिळतं. मीटर व्यावसायिक असेल तर ७८,००० विसरा. हे आधी बघा, मग शोभेवर वाद घाला.

दादरकर: मीटर घरगुतीच आहे. विहिरीजवळ जागा आहे, पण तिथे फणस आहे. तो तोडायचं नाव काढलं तर आई घरात घ्यायची नाही.

सौरमिस्त्री: फणस पॅनेलच्या उत्तरेला येत असेल तर राहू द्या, हिवाळ्यात सावली पडणार नाही.

दादरकर: दक्षिणेलाच आहे हो.