एकाच सेटवर रात्री चित्रित झालेला स्पॅनिश 'ड्रॅक्युला'

प्रश्न: युनिव्हर्सल या हॉलिवूडच्या स्टुडिओने १९३१ मध्ये 'ड्रॅक्युला' इंग्रजीसोबत स्पॅनिशमध्येही स्वतंत्रपणे चित्रित केला, असे वाचले. नुसते डबिंग न करता दुसरा चित्रपटच काढण्याचे कारण काय असावे?

प्रतिसाद: बोलपट आल्याबरोबर मूकपटाची सोय संपली, पूर्वी दृश्यांमधल्या संवादांच्या पाट्या बदलल्या की चित्रपट कोणत्याही देशात चालत असे. डबिंगचे तंत्र तेव्हा कच्चे होते आणि लॅटिन अमेरिका व स्पेनची बाजारपेठ सोडणे स्टुडिओंना परवडणारे नव्हते. म्हणून दिवसा इंग्रजी आवृत्तीचे दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग आणि नायक बेला लुगोसी ज्या सेटवर काम करत, तिथेच रात्री दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्ड स्पॅनिश नटसंचासह चित्रण करत. मेलफर्ड यांना स्पॅनिश येत नसल्यामुळे सूचना दुभाष्यामार्फत दिल्या जात, तरीही कॅमेऱ्याची हालचाल इंग्रजी आवृत्तीपेक्षा मोकळी वाटते, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद: उच्चारांचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. स्पॅनिश आवृत्तीतल्या कलाकारांपैकी कार्लोस व्हियारियास स्पेनचे, लुपिता तोव्हार मेक्सिकोच्या, तर बॅरी नॉर्टन अर्जेंटिनाचे. त्यामुळे एकाच घरात तीन देशांची स्पॅनिश ऐकू येते. त्या काळी लॉरेल आणि हार्डी ही विनोदी जोडी तर स्वतःच्या चित्रपटांच्या स्पॅनिश आवृत्त्यांसाठी फळ्यावर उच्चार लिहून घेऊन स्पॅनिश संवाद म्हणत.

प्रतिसाद: आपल्याकडे प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी व हिंदीत वेगवेगळा चित्रित केला, तो याच काळातला. स्पॅनिश 'ड्रॅक्युला'चे एक हरवलेले रीळ पुढे क्युबातल्या चित्रपट संग्रहालयात सापडले, म्हणून आज तो पूर्ण पाहता येतो.